पाच पंचांची नजर: पुरुषांच्या जागतिक हौशी बॉक्सिंग स्पर्धेची कहाणी

२०२५ साली पुरुष बॉक्सरांची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा दोनदा झाली. एक सप्टेंबरमध्ये इंग्लंडमधल्या लिव्हरपूलला आणि दुसरी डिसेंबरमध्ये दुबईला. दोन्हीकडे सुवर्णपदकं दिली गेली आणि दोन्हीकडे जिंकणाऱ्याला विश्वविजेता म्हटलं गेलं. आमच्या बडोद्यात संध्याकाळी खांद्यावर ग्लोव्ह्ज टाकून सरावाला येणाऱ्या मुलांच्या आईवडिलांना साहजिकच प्रश्न पडतो, की यातली खरी कुठली? एका आईनं तर सरळ विचारलं, "दादा, पोरानं उद्या मेडल आणलं तर ते नेमकं कुठलं असायला हवं?"

ऑलिम्पिकच्या वाटेवर असलेली स्पर्धा लिव्हरपूलची, एवढं उत्तर लगेच देता येतं. पण ते तसं का, हे सांगायचं तर पन्नास वर्षं मागे जावं लागतं. तिथवर गेलं की लक्षात येतं, या स्पर्धेच्या सगळ्या उलथापालथींच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. दोघंही शेवटपर्यंत उभे राहिले, तर जिंकलं कोण हे ठरवायचं कुणी आणि कसं?

कुस्ती बघत मोठं झालेल्या आपल्या लोकांना हा प्रश्न चटकन जाणवत नाही. पैलवान चितपट झाला की शेवटच्या रांगेतल्या पोरालाही निकाल कळतो. बॉक्सिंगमध्ये असं क्वचितच होतं. हौशी लढतींत नॉकआउट कमीच, बहुतेक निकाल गुणांवर लागतात आणि गुण देतात ते रिंगच्या कडेला बसलेले पंच. ठोसा लागला की नुसता चाटून गेला, हातावर अडला की बरगडीवर बसला, हे त्यांना डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच ठरवावं लागतं.

मुठींच्या लढती बडोद्याला नव्या नाहीत. जेठीमल्लांची वज्रमुष्टी इथल्या गायकवाडी दरबारात होत असे. १८६०च्या दशकात, खंडेराव महाराजांच्या काळात, लुई रूसले हा फ्रेंच प्रवासी इथे आला होता. मुठीत शिंगाचं टोकदार हत्यार धरून लढणारे मल्ल त्यानं पाहिले आणि त्याचं वर्णन लिहून ठेवलं. त्या लढतींत रक्त वाहायचं आणि बक्षीस महाराजांच्या मर्जीनं मिळायचं. पुढे याच शहरात जुम्मादादा व्यायाम मंदिरातून प्रोफेसर माणिकरावांनी व्यायामाला शिस्त दिली, पद्धत दिली. मर्जीकडून नियमाकडे जाण्याची हीच वाट बॉक्सिंगलाही चालावी लागली, फक्त तिथे ती फार वळणावळणाची निघाली.

हौशी म्हणजे नेमकं काय

टीव्हीवर मध्यरात्री दिसणारं, कमरेला सोनेरी पट्टे बांधलेलं बॉक्सिंग व्यावसायिक. तिथे प्रवर्तक असतात, करार असतात, विजेत्याचा प्रतिस्पर्धी कोण हे बोलणी करून ठरतं आणि दोन लढतींमध्ये महिनेच्या महिने जातात. विश्वविजेतेपद देणाऱ्या संस्थाही तिथे एकापेक्षा जास्त आहेत.

हौशी स्पर्धेची रचना अगदी निराळी. प्रत्येक देश एका वजनगटात एकच बॉक्सर पाठवतो. सोडत निघते. पहिल्याच दिवशी गतविजेता समोर आला तरी तक्रार चालत नाही. हरला तो बाहेर. दहा-बारा दिवसांत चार, पाच, कधी सहा लढती जिंकल्या तर सुवर्ण. उपांत्य फेरीत हरणाऱ्या दोघांनाही कांस्य मिळतं, तिसऱ्या क्रमांकासाठी वेगळी लढत होत नाही. मार खाल्लेल्या माणसाला निव्वळ कांस्यासाठी परत रिंगमध्ये उतरवू नये, हा त्यामागचा विचार मला पटतो. म्हणून पेपरात 'उपांत्य फेरीत धडक, पदक निश्चित' अशी बातमी येते तेव्हा ती अतिशयोक्ती नसते.

वजनाचा भाग पालकांनी विशेष समजून घ्यावा. व्यावसायिक बॉक्सर लढतीच्या आदल्या दिवशी वजन देतो आणि मग खाऊनपिऊन अंगात ताकद भरून घेतो. हौशी बॉक्सरला ज्या दिवशी लढत असेल त्या दिवशी सकाळी काट्यावर उभं राहावं लागतं. उपांत्यपूर्व फेरी जिंकलेल्या मुलाच्या ताटात त्या रात्री काय वाढायचं, हाही स्पर्धेचाच भाग असतो. आमच्याकडची मुलं जिल्ह्याच्या स्पर्धेआधी दोन दिवस पाणी तोडतात, स्वेटर घालून धावतात. हे थांबवायला हवं. वाढत्या वयातल्या मुलानं वजन उतरवण्यापेक्षा वरच्या गटात खेळलेलं केव्हाही बरं.

हवानाच्या आधी

बॉक्सिंग ऑलिम्पिकमध्ये आलं १९०४ साली, अमेरिकेतल्या सेंट लुइसला. १९१२च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये ते नव्हतं, कारण स्वीडनच्या कायद्यानं त्यावर बंदी होती. त्यानंतर मात्र प्रत्येक ऑलिम्पिकमध्ये ते राहिलं. हौशी बॉक्सिंगची पहिली आंतरराष्ट्रीय संघटना १९२० साली पॅरिसमध्ये उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धात तिची पत गेली, आणि १९४६ साली लंडनमध्ये नवी संघटना स्थापन झाली. पुढची सत्तर-पंचाहत्तर वर्षं जगभरातलं हौशी बॉक्सिंग जिच्या हाती होतं ती हीच 'आयबा', म्हणजे आंतरराष्ट्रीय हौशी बॉक्सिंग संघटना.

त्या काळात युरोपची स्वतःची अजिंक्यपद स्पर्धा होती, १९२५ साली स्टॉकहोमला सुरू झालेली. आशियाची १९६३ साली बँकॉकला सुरू झाली. जगाची म्हणून वेगळी स्पर्धा मात्र नव्हती. दर चार वर्षांनी येणारं ऑलिम्पिक हीच हौशी बॉक्सरची जागतिक परीक्षा. त्या एका आठवड्यात ताप आला, हात दुखावला, की पुढची चार वर्षं वाट बघायची. अनेकांच्या नशिबी ती दुसरी संधी आलीच नाही.

हवाना, ऑगस्ट १९७४

पहिली जागतिक हौशी बॉक्सिंग अजिंक्यपद स्पर्धा ऑगस्ट १९७४ मध्ये क्युबाची राजधानी हवाना इथे झाली. क्रांतीनंतर, १९६०च्या दशकाच्या सुरुवातीलाच, क्युबानं व्यावसायिक खेळांवर बंदी घातली होती. त्यामुळे तिथला गुणी बॉक्सर करार करून पैसे कमवायला जाऊ शकत नव्हता. तो राष्ट्रीय संघातच राहायचा, तिशी उलटेपर्यंत लढायचा. अमेरिकेचा बॉक्सर ऑलिम्पिक पदक मिळालं की व्यावसायिक व्हायचा. म्हणजे एका कोपऱ्यात विशीतला नवखा आणि दुसऱ्या कोपऱ्यात शेकडो लढतींचा अनुभव असलेला कसलेला गडी, असं चित्र वारंवार दिसायचं. क्युबाच्या वर्चस्वाची कारणं सांगताना लोक प्रशिक्षणाचं कौतुक करतात आणि ते खरंही आहे, पण हा अनुभवाचा फरक विसरून चालणार नाही.

हवानात अकरा वजनगट होते. पाच सुवर्णपदकं यजमानांनी घेतली. उरलेल्यांतली नावं बघितली की त्या स्पर्धेची उंची कळते. बँटमवेटमध्ये पोर्तो रिकोचा विल्फ्रेडो गोमेझ, लाइट वेल्टरमध्ये युगांडाचा अयुब कालुले, लाइट हेवीमध्ये युगोस्लाव्हियाचा माते पार्लोव्ह. हे तिघेही पुढे व्यावसायिक विश्वविजेते झाले. फेदरवेटचा विजेता अमेरिकेचा हॉवर्ड डेव्हिस दोन वर्षांनी माँट्रियलला ऑलिम्पिक सुवर्ण जिंकून आला.

सगळ्यांत वजनदार गटात जिंकला तेओफिलो स्टीव्हनसन. उंच, ताठ उभा राहणारा, डाव्या हातानं अंतर मोजत बसणारा आणि मग अचानक उजवा सोडणारा. १९७२, १९७६ आणि १९८० अशी लागोपाठ तीन ऑलिम्पिक सुवर्णं त्याच्या नावावर आहेत. मुहम्मद अलीशी लढण्यासाठी लाखो डॉलर देऊ करण्यात आले तरी तो क्युबा सोडून गेला नाही. त्याच्या लढतींच्या चित्रफिती मुलांना मी मुद्दाम दाखवतो. ठोसा न मारताही समोरच्याला मागे कसं ढकलायचं, हे त्याच्यासारखं कुणी शिकवू शकत नाही.

दुसरी स्पर्धा १९७८ मध्ये बेलग्रेडला झाली आणि तीही स्टीव्हनसननं जिंकली. १९८२ मध्ये म्युनिचला त्याला इटलीच्या फ्रान्चेस्को दामियानीनं हरवलं आणि क्रीडाजगत चक्रावून गेलं. पण १९८६ मध्ये अमेरिकेतल्या रीनो शहरात चौतिसाव्या वर्षी तो परत आला आणि सुपर हेवीवेटचं सुवर्ण घेऊन गेला. त्याच स्पर्धेत, एक गट खाली, अठरा वर्षांचा फेलिक्स सावोन पहिल्यांदा विश्वविजेता झाला. एक मावळत होता, एक उगवत होता, आणि दोघंही एकाच संघात.

सावोननं पुढे लागोपाठ सहा जागतिक सुवर्णं मिळवली, १९८६ ते १९९७. शिवाय बार्सिलोना, अटलांटा आणि सिडनी अशी तीन ऑलिम्पिक सुवर्णं. त्यातलं सहावं जागतिक सुवर्ण मात्र रिंगमध्ये मिळालं नाही. १९९७ मध्ये बुडापेस्टला अंतिम लढतीत उझबेकिस्तानच्या रुस्लान चागायेवनं त्याला हरवलं होतं. चागायेव त्याआधी अमेरिकेत व्यावसायिक लढती लढला असल्याचं नंतर उघड झालं, त्याचं पदक काढून घेतलं गेलं आणि ते सावोनला मिळालं. हौशी आणि व्यावसायिक यांच्यामधली भिंत तेव्हा अशी पक्की होती. आज ती जवळजवळ उरलेली नाही, त्याकडे पुढे येऊच.

सोलची ती रात्र आणि बटणांचा काळ

आता मूळ प्रश्नाकडे. १९८८ सालचं सोल ऑलिम्पिक. लाइट मिडलवेटच्या अंतिम लढतीत अमेरिकेचा एकोणीस वर्षांचा रॉय जोन्स आणि यजमान कोरियाचा पार्क सी-हुन समोरासमोर होते. जोन्सनं तिन्ही फेऱ्यांत पार्कला धुऊन काढलं. टीव्हीवाल्यांनी ठोसे मोजले तेव्हा जोन्सचे ८६ आणि पार्कचे ३२ भरले. निकाल लागला ३-२ असा, पार्कच्या बाजूनं. रेफरीनं हात उंचावला तेव्हा खुद्द पार्कचा चेहरा पडलेला होता. गंमत अशी, की त्याच ऑलिम्पिकचा सर्वोत्तम बॉक्सर म्हणून वॅल बार्कर करंडक मिळाला तो जोन्सला. त्या एका निकालानं पार्कचंही आयुष्य झाकोळलं, हे आपण विसरतो. २०२३ साली तो अमेरिकेत जोन्सच्या घरी गेला आणि ते पदक त्याच्या हाती ठेवून आला.

या बदनामीनंतर आयबानं ठरवलं की माणसाच्या मतावर विसंबायचं नाही, ठोसे मोजायचे. १९८९च्या मॉस्को जागतिक स्पर्धेत संगणकावरची गुणमोजणी आली आणि १९९२च्या बार्सिलोना ऑलिम्पिकपासून ती तिथेही लागू झाली.

ती पद्धत अशी होती. पाच पंच, प्रत्येकापुढे दोन बटणं, एक लाल कोपऱ्याचं, एक निळ्याचं. लालवाल्याचा स्वच्छ ठोसा लागला असं वाटलं की लाल बटण दाबायचं. पाचांपैकी किमान तिघांनी साधारण एका सेकंदाच्या आत तेच बटण दाबलं, तरच एक गुण चढायचा. दोघांनी दाबलं, तिसऱ्याला उशीर झाला, की ठोसा वाया. स्वच्छ ठोसा म्हणजे बंद मुठीच्या पुढच्या, बोटांच्या सांध्यांच्या भागानं, कमरपट्ट्याच्या वर, डोक्याच्या किंवा धडाच्या समोरच्या वा बाजूच्या भागावर लागलेला. हा मुठीचा भाग पंचांना दिसावा म्हणून बरीच वर्षं हौशी ग्लोव्ह्जवर पांढरा पट्टा असायचा. जुन्या व्यायामशाळांमधल्या खुंट्यांवर असे ग्लोव्ह्ज अजून लटकलेले सापडतात.

कागदावर ही पद्धत निर्दोष वाटते. पण एखादा गडी तीन-चार ठोशांची झड घालतो तेव्हा काय होतं ते डोळ्यांपुढे आणा. पहिल्या ठोशाला पंचाचं बोट खाली जातं, ते वर येईपर्यंत बाकीचे ठोसे लागून गेलेले असतात. गुण एकच. बरगडीत जवळून मारलेला ठोसा पलीकडच्या बाजूच्या पंचांना दिसतच नाही. मग प्रशिक्षक मुलांना काय शिकवणार? लांबून सुटा ठोसा मार, डोक्यावर मार, आणि मागे सर. एका गुणाची आघाडी मिळाली की शेवटची फेरी पळत काढ. पंचवीस वर्षं जगातल्या हौशी बॉक्सिंगची चाल या बटणांनी ठरवली. आमच्या पिढीतल्या अनेकांना जवळून लढणं नीट येतच नाही, त्याचं कारण इथे आहे.

आणि वाद तरी मिटले का? १९९९ची ह्यूस्टनची स्पर्धा बघा. क्युबाचा हुआन एर्नान्देस सिएरा रशियाच्या तिमूर गायदालोव्हकडून हरल्याचं जाहीर झालं. हा अन्याय आहे म्हणत क्युबाचा अख्खा संघच स्पर्धा सोडून गेला. सावोन अंतिम फेरीत होता, सातवं सुवर्ण एका लढतीवर होतं, तरी तो रिंगमध्ये उतरला नाही. अमेरिकेचा मायकेल बेनेट न लढता विश्वविजेता ठरला. नंतर एर्नान्देसचा निकाल फिरवण्यात आला आणि पंचांवर कारवाईही झाली. यंत्र होतं, पण बटणावरचं बोट माणसाचंच होतं.

२०१३: हेडगार्ड गेलं, दहा गुण आले

सुरुवातीला चार वर्षांनी होणारी ही स्पर्धा १९९१ पासून दर दोन वर्षांनी होऊ लागली. त्या वर्षी ती सिडनीला झाली आणि तिथे जिंकलेला सोव्हिएत संघाचा कोस्त्या त्स्यू पुढे ऑस्ट्रेलियातच स्थायिक होऊन व्यावसायिक विश्वविजेता बनला. २००७च्या शिकागो स्पर्धेला क्युबानं संघच पाठवला नाही, कारण त्याच वर्षी त्यांचे दोन अव्वल बॉक्सर परदेशातल्या स्पर्धेतून गायब झाले होते. २००९ला मिलान आणि २०११ला बाकू या दोन्ही स्पर्धा युक्रेनच्या वासिल लोमाचेन्कोनं जिंकल्या. बाकूत त्याचाच देशबांधव ओलेक्सांद्र उसिकही विश्वविजेता झाला. आज व्यावसायिक हेवीवेट गाजवणारा उसिक तो हाच.

खरा बदल आला २०१३च्या अल्माटी स्पर्धेत. बटणं गेली. त्यांच्या जागी व्यावसायिक बॉक्सिंगसारखी दहा गुणांची पद्धत आली, तीच आजही चालू आहे आणि तीच पालकांना सर्वांत जास्त गोंधळात टाकते. म्हणून जरा सावकाश सांगतो. फेरी संपली की प्रत्येक पंच ती फेरी जिंकणाऱ्याला १० गुण देतो. हरणाऱ्याला सहसा ९, फारच एकतर्फी झाली तर ८, कधी ७. स्वच्छ ठोसे कुणाचे जास्त, लढतीवर ताबा कुणाचा, जिद्द कुणाची जास्त दिसली, हे तो बघतो. तीन फेऱ्यांची बेरीज करून प्रत्येक पंचाचा एक विजेता निघतो. पेपरात छापलेला ४-१ हा आकडा ठोशांचा नसतो. पाचांपैकी चौघांच्या कागदावर एक जिंकला आणि एकाच्या कागदावर दुसरा, एवढाच त्याचा अर्थ. त्यामुळे ५-० अशी हार अगदी अटीतटीची असू शकते. तिन्ही फेऱ्या केसाच्या अंतरानं गेल्या आणि पाचही पंचांना तो केस एकाच बाजूला दिसला, तर आकडा ५-० होतो. मुलगा ५-०नं हरून घरी आला तर 'एकही गुण नाही मिळाला?' असं कृपा करून विचारू नका.

त्याच वर्षी पुरुषांच्या डोक्यावरचं हेडगार्डही काढलं गेलं. ऑलिम्पिकमध्ये ते १९८४ला लॉस एंजेलिसला आलं होतं. संघटनेचं म्हणणं असं, की हेडगार्डमुळे बॉक्सर निर्धास्त होऊन डोकं पुढे घालतो आणि मेंदूला बसणारे हादरे कमी होत नाहीत. हेडगार्डनं भुवई फुटणं वाचतं, कवटीच्या आत हलणारा मेंदू वाचत नाही, हे खरं आहे. ते काढल्यावर डोक्याला डोकं आपटून होणाऱ्या जखमा मात्र वाढल्या. हा बदल प्रौढ पुरुष गटापुरता होता. लहान मुलांना हेडगार्ड घालावंच लागतं आणि सरावात तर ते कुणीच काढू नये.

आपली पदकं

भारताला या स्पर्धेत पहिलं पदक मिळायला पस्तीस वर्षं लागली. २००९ला मिलानमध्ये भिवानीच्या विजेंदर सिंगनं ७५ किलो गटात कांस्य मिळवलं. मग २०११ला विकास कृष्ण, २०१५ला दोहात शिवा थापा, २०१७ला हॅम्बुर्गमध्ये गौरव बिधुरी, सगळी कांस्यपदकंच.

२०१९ला रशियातल्या एकातेरिनबर्गमध्ये अमित पंघाल अंतिम फेरीत पोहोचला. इथवर जाणारा तो पहिला भारतीय पुरुष. रोहतकजवळच्या मायना गावचा आणि लष्करात महार रेजिमेंटचा जवान. त्याची गोष्ट सांगायची ती वजनगटांसाठी. पंघाल मुळात ४९ किलोचा. टोकियो ऑलिम्पिकसाठी पुरुषांचे गट आठवर आणले गेले आणि त्यात ४९ किलो उडाला. महिलांना जास्त गट मिळावेत म्हणून ही काटछाट होती आणि तो उद्देश योग्यच होता. पण पंघालला ५२ किलोत जावं लागलं, त्याच्याहून उंच आणि भरलेल्या गड्यांमध्ये. तरीही तो अंतिम फेरीपर्यंत गेला आणि तिथे उझबेकिस्तानच्या शाखोबिदिन झोइरोव्हकडून हरला. झोइरोव्ह रिओ ऑलिम्पिकचा विजेता होता. ते रौप्य आजही भारतीय पुरुषांचं सर्वोच्च जागतिक पदक आहे. त्याच स्पर्धेत मनीष कौशिकनं ६३ किलोत कांस्य मिळवलं.

२०२१ला बेलग्रेडमध्ये आकाश कुमारला कांस्य. त्या स्पर्धेपासून गट तेरा झाले. २०२३ला ताश्कंदमध्ये दीपक भोरिया, मोहम्मद हुसामुद्दीन आणि निशांत देव या तिघांनी कांस्य आणलं, एका स्पर्धेत तीन पदकं ही भारतीय पुरुषांची सर्वोत्तम कामगिरी. हुसामुद्दीन गुडघ्याच्या दुखापतीमुळे उपांत्य लढत खेळूच शकला नाही. लिव्हरपूलहून मात्र आपले पुरुष रिकाम्या हातांनी परतले. सुवर्ण जिंकलं ते जस्मिन लंबोरिया आणि मीनाक्षी हुडा या मुलींनी. आमच्याकडे मुलींना सरावाला पाठवताना अजून काही घरांत कुजबुज होते, तिथे ही दोन नावं मी मोठ्यानं घेतो.

मग स्पर्धा दोन का झाल्या

याचं उत्तर पुन्हा पंचांपाशीच जातं, आणि पैशांपाशी. २०१६च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये आयर्लंडचा मायकेल कॉनलन रशियाच्या व्लादिमीर निकितिनकडून हरल्याचं जाहीर झालं आणि जगभर ओरड झाली. निकितिन इतका जखमी होता की पुढची लढत तो खेळूच शकला नाही. त्या स्पर्धेतल्या सगळ्या, म्हणजे ३६ रेफरी आणि पंचांना नंतर बाजूला करण्यात आलं. २०२१ला आलेल्या मॅक्लारेन चौकशी अहवालानं रिओत लढतींचे निकाल फिरवले गेल्याचं स्पष्ट म्हटलं. दरम्यान आयबा कर्जात बुडाली होती, अध्यक्ष वू चिंग-कुओ पायउतार झाले होते आणि त्यांच्या जागी आलेल्या गफूर रहिमोव्ह यांच्यावर अमेरिकी सरकारनं गुन्हेगारी संबंधांच्या आरोपावरून निर्बंध घातले होते. रहिमोव्ह यांनी ते आरोप नाकारले.

२०१९ला आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनं संघटनेला निलंबित केलं. टोकियोतलं बॉक्सिंग समितीनं स्वतःच भरवलं. २०२० अखेर रशियाचे उमर क्रेमलेव्ह अध्यक्ष झाले, रशियन पैसा आला आणि जागतिक स्पर्धेत रोख बक्षिसं सुरू झाली. बेलग्रेडला सुवर्णासाठी एक लाख डॉलर, ताश्कंदला दोन लाख. ज्या खेळात दोन लढतींपायी चागायेवचं पदक गेलं होतं, तिथे आता विजेत्याला रोख रक्कम मिळू लागली. संघटनेनं आपल्या नावातला 'हौशी' हा शब्द त्याआधीच काढून टाकला होता, आणि रिओपासून व्यावसायिकांनाही ऑलिम्पिकचं दार उघडलं होतं. बॉक्सरला पैसे मिळाले याचा मला आनंदच आहे. शेतकऱ्याच्या, हमालाच्या घरातली ही मुलं असतात. प्रश्न पैसे मिळण्याचा नव्हता. हिशेब आणि पंच यांच्यावर विश्वास ठेवता येत नव्हता, हा होता.

जून २०२३ मध्ये ऑलिम्पिक समितीनं या संघटनेची मान्यताच काढून घेतली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये काही देशांनी 'वर्ल्ड बॉक्सिंग' नावाची नवी संघटना काढली होती. भारत २०२४ला तिच्यात गेला. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिला तात्पुरती मान्यता मिळाली आणि मार्चमध्ये २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये बॉक्सिंग असेल हे नक्की झालं. तोवर ते नक्की नव्हतं, हे किती जणांना माहीत आहे? लिव्हरपूलची स्पर्धा या नव्या संघटनेची, पुरुष आणि महिला एकत्र. दुबईची जुन्या संघटनेची. बक्षिसाची रक्कम दुबईत जास्त, पण आपल्या मुलांचा रस्ता जिल्हा, राज्य, राष्ट्रीय स्पर्धा आणि शिबिरातून लिव्हरपूलच्या बाजूला जातो.

नव्या संघटनेकडे पंच मात्र तेच पाच आहेत, आणि डोळेही माणसांचेच. एक सुधारणा मला मनापासून आवडते. टोकियोपासून प्रत्येक फेरी संपली की पंचांचे गुण सगळ्यांना दाखवले जातात. कोपऱ्यात स्टुलावर बसलेल्या मुलाला त्या एका मिनिटात कळतं की आपण दोन पंचांकडे मागे आहोत, आता जोखीम घ्यायला हवी. प्रेक्षकांना कळतं. पंचालाही कळतं की आपला आकडा लोक बघताहेत. शेवटी एकदम लागणाऱ्या निकालानं जो संताप उसळतो, त्यातला निम्मा तिथेच विरतो. आमच्या शहरातल्या लहान स्पर्धांतही हे सहज करता येईल. त्याला संगणक लागत नाही. एक फळा, एक खडू आणि प्रत्येक फेरीनंतर पाचही आकडे लिहायला एक माणूस पुरेसा आहे. येत्या मोसमात बडोद्यातल्या आयोजकांनी एवढं करावं, आणि फळ्यावर लिहिणारा माणूस मिळत नसेल तर मी यायला तयार आहे.